चोवीस-छत्तीसची चौकट

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. कॅमेऱ्याची हौस मात्र या म्हणीत बसत नाही. तिला मोल तर असतेच, शिवाय सोयरीकही असते. कॅमेरा घरात एकटा येत नाही. त्याच्यामागून भिंगे येतात, बॅटऱ्या येतात, दिवे येतात, आणि ही सारी मंडळी बहुधा एकाच घराण्याची लागतात. घराणे एकदा धरले की सोडणे महागात पडते. आमच्या भिवंडीच्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. येथे यंत्रमाग घेणारा नुसता माग घेत नाही. धोटा, फणी, कांड्या, सुटे भाग आणि त्या मागाची नाडी जाणणारा मिस्त्री, एवढे सगळे तो एकदम पत्करतो. आज हौशी माणूस ‘फुल-फ्रेम मिररलेस’ कॅमेऱ्यांच्या रांगेपुढे उभा राहून डोके खाजवतो. पण ही निवड मुंबई इलाख्यात जवळजवळ पावणेदोनशे वर्षे चालत आली आहे.

१८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ निघाली. साहेबांच्या त्या मंडळीत डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा धंदेवाईक छायाचित्रकार तयार झाला. त्या काळच्या ओल्या काचेच्या रीतीत काचेवर रसायन चढवावे, ते ओले असतानाच चित्र घ्यावे आणि ते सुकण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत काच धुऊन काढावी, असा सारा खटाटोप होता. कॅमेरा घेणे म्हणजे तंबू, बाटल्या, काचा आणि हमाल घेणे. ‘सिस्टिम’ हा शब्द तेव्हा कोणी वापरत नसेल. पण ती बैलगाडीत घालूनच न्यावी लागे.

पुढे कोरडी काच आली, मग फिल्मची गुंडाळी आली. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांना त्या यंत्राचा ध्यास लागला. छायाचित्रांचा त्यांचा धंदा होताच. त्यांनी विलायतेतल्या रायली कंपनीकडून एकवीस गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यावर टिपली. फिल्म धुण्यासाठी पुन्हा विलायतेला पाठवावी लागली. यंत्र मुंबईत, धोबीघाट लंडनमध्ये!

दादासाहेब फाळके यांनी यातला धडा पुरता ओळखला होता, असे मला वाटते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ पत्राच्या संपादकाचा आणि निर्माते हेपवर्थ यांचा सल्ला घेऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कोडॅकची कोरी फिल्म मागवली, आणि त्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्रही घेतले. घरी सरस्वतीबाई भोके पाडायला, रसायने कालवायला शिकल्या. मटाराच्या दाण्याला अंकुर फुटून वेल कसा वाढतो, ते फाळक्यांनी टिपले आणि ते दाखवून भांडवल उभे केले. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. कॅमेरा निवडताना माणसाने भोकांपर्यंतचा विचार करावा, हे आमच्या नाशिककराने दाखवून दिले.

आता गंमत पाहा. फाळके या पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या पट्टीशी झुंजत होते, त्याच सुमारास जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ कारखान्यातला ऑस्कर बर्नाक तीच पट्टी आडवी धरून पाहत होता. सिनेमाचे एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचे. बर्नाकने दोन चित्रांची जागा एकाला दिली आणि २४ बाय ३६ ची चौकट जन्माला आली. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत त्याचा ‘लायका’ बाजारात आला. आज ज्याला आपण ‘फुल-फ्रेम’ म्हणतो ती हीच चौकट. तेव्हा ती ‘पूर्ण’ नव्हती. मोठ्या काचांवर काम करणारे लोक तिला चिमुकलीच मानत. आपल्याकडे बडोद्यास तयार होणारा ‘आगफा क्लिक थ्री’ घरोघर होता. त्यातले चौकोनी चित्र या पूर्ण चौकटीच्या साडेतीनपट मोठे होते! तेव्हा ‘पूर्ण’ या नावाने कोणी दिपून जाऊ नये. ते आकाराचे माप आहे. गुणांचे प्रशस्तिपत्र नव्हे.

आरशाची कथा याहून छोटी. भिंगातून येणारे चित्र डोळ्याला दाखवण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात आरसा बसवीत. त्याला हलायला जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून लांब ठेवावे लागे. निकॉनच्या १९५९ च्या खोबणीत हे अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर होते. पुढे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चकती आली, डोळ्याला चित्र दाखवायला छोटा पडदा आला आणि आरशाचे काम संपले. २०१३ साली सोनीने पूर्ण चौकटीचे ए-सेव्हन आणले. २०१८ च्या ऑगस्टात निकॉन, सप्टेंबरात कॅनन, आणि त्याच महिन्यात लायका, पॅनासॉनिक व सिग्मा यांची युती, असे सगळे त्याच वाटेला लागले. साडेशेहेचाळीसचे अंतर निकॉनच्या नव्या खोबणीत सोळावर आले.

खोबणी बदलली की जुन्या सोयरिकी तुटतात. कॅननने १९८७ साली एकदा अशी काडीमोड घेतलीच होती. या वेळी मात्र सगळ्यांनीच मधला दुवा म्हणून जोडकडी दिली. तरी कलमे वाचून घ्यावीत. कॅननची अलीकडची जुनी भिंगे तिच्यावर नीट चालतात; पण निकॉनच्या ज्या जुन्या भिंगांना कॅमेऱ्यातली मोटर फिरवीत असे, ती जोडकडीवर हातानेच फिरवावी लागतात. सोनीने आपल्या खोबणीचे तपशील २०११ सालीच इतर भिंगवाल्यांना खुले केले, म्हणून तिकडे सिग्मा-टॅमरॉनची स्वस्त भिंगे भरपूर. कॅननने याबाबत बराच काळ हात आखडता ठेवला. हौशी माणसाच्या खिशाला यातला फरक कॅमेऱ्याच्या किमतीतल्या फरकाहून जास्त जाणवतो.

हे सारे मला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे नव्याने चाळावे लागले. त्याच्या वडिलांचे आठ माग आहेत. आमच्या गावात मागांचा खडखडाट पूर्वीसारखा राहिलेला नाही. कितीतरी माग भंगाराच्या भावाने तोडून गेले आणि त्या जागांवर गाळे उठले. या आठांचीही बोलणी चालली होती. ते जाण्याआधी त्यांची चित्रे घ्यायची, यासाठी मुलाला कॅमेरा हवा होता. आता मानकोली-दापोडेच्या गोदामांत असे कॅमेरे खोक्यांत बंद होऊन पडलेले असतात. पण एखादा हातात धरून पाहायचा तर फोर्टात बोरा बझारलाच जावे लागते.

त्याच्या कारखान्याने निवड पुष्कळ सोपी केली. आत अंधार, तेव्हा मोठी चौकट आणि उजेड पिणारे भिंग उपयोगी, हे खरे. पण धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने टिपावे, तर चकती ओळीओळीने वाचली जाते आणि सरळ धोटा तिरका उमटतो. हा दोष मुळातून काढणारा पहिला पूर्ण चौकटीचा कॅमेरा सोनीने २०२३ साली जाहीर केला; त्याची किंमत ऐकून शाळामास्तराने कानावर हात ठेवावेत. साध्या शटरने हा दोष दिसण्याइतका राहत नाही. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे दिवे शंभरदा मंदावतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवले की चित्रावरचे पट्टे जातात. कोऱ्या कापडाची वीण आणि चकतीची वीण एकमेकींत गुंतली की नसलेल्या लहरी उमटतात. त्यासाठी दोन पावले मागेपुढे व्हावे. आणि आरसा नसल्यामुळे भिंग काढले की चकती बहुधा उघडीच पडते. हवेत उडणारे सुताचे तंतू तिच्यावर बसायला टपलेले असतात. सबब कारखान्यात भिंग बदलूच नये. एकच घ्यावे, पस्तीस मिलिमीटरचे, चांगले.

त्याने मागच्या पिढीचा वापरलेला कॅमेरा आणि एकच भिंग घेतले. घराणे कोणते, ते मी येथे सांगत नाही. सांगितले तर वाचक तेच घेतील, आणि त्यांच्या घरी माग नसतील. उरलेल्या पैशांतून त्याने बापाला एक महिना थांबवले, भंगारवाल्याला पुढची तारीख दिली आणि रोज पहाटपाळीला जाऊन बसला. चित्रे मी पाहिली. एकात वडील तुटलेला धागा जोडताहेत. मागे धोटा धावतो आहे, किंचित पुसट, पण सरळ.