पट आणि निकाल

शाळेच्या दप्तरात दोन नोंदी शेजारी शेजारी नांदतात: एक पटाची, दुसरी निकालाची. शाळेत कोण आले हे पट सांगतो. आलेल्यांनी काय मिळविले हे निकाल सांगतो. समाज बहुधा दुसरीच नोंद वाचतो. सार्वजनिक शिक्षणाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात मात्र या दोन नोंदी एकमेकींपासून कधीच तुटलेल्या नाहीत.

केवळ निकालावर शाळा तोलण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने तेथील प्राथमिक शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेशी जोडले गेले. व्हायचा तोच परिणाम झाला. परीक्षेपुरते उतारे घोकून घेतले जाऊ लागले आणि इतर विषय मागे पडले. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या यांत्रिकतेवर सातत्याने टीका केली. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानासाठी निकालावर आधारलेली पद्धत आली. अशा व्यवस्थेत ज्या मुलाच्या घरी अक्षरओळख नाही, ते मूल शाळेला तोट्याचे वाटू लागते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके पटाकडे बोट दाखविले. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना होतो. महार-मांगांच्या मुलांना तर जातिभेदामुळे शाळेची दारेच बंद आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती.

ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात उतरविण्याचा मान बडोदे संस्थानाकडे जातो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. सक्तीमुळे पटाचे रूप पालटले. शेतात राखणीला बसणारे, गुरांमागे जाणारे, धाकट्या भावंडांना सांभाळणारे मूल वर्गात येणे आता कायद्याने अपेक्षित होते. मुलांना न पाठविणाऱ्या पालकांना दंड होत असे. अंत्यज मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठी संस्थानाने शाळा आणि वसतिगृहे काढली. या शाळा निराळ्या होत्या, ही त्या काळाची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

बडोद्याचा दाखला पुढे ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय सावध होते. सक्तीचा निर्णय त्यांनी स्थानिक संस्थांवर सोपविला होता. तरीही १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. त्याआधीच, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहांना चालना दिली होती. खेड्यातील मुलाला केवळ वर्ग पुरत नाही. त्याला निवारा, जेवण आणि अभ्यासाची जागा लागते, ही जाण त्यामागे होती.

अशा प्रयत्नांनी पट रुंदावला, तरी वरच्या इयत्तांकडे जाताना तो निमुळता होत राहिला. सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही मराठी शाळेची मोठी परीक्षा. ती उत्तीर्ण होणाऱ्याला शिक्षकाची नोकरी मिळू शके, म्हणून गावात तिचा दबदबा असे. परंतु त्या परीक्षेपूर्वीच शाळा सुटलेल्यांची नावे निकालपत्रकात येण्याचा प्रश्नच नव्हता.

घर आणि निकाल यांचा संबंध पुढे संशोधनानेही दाखवून दिला. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४,००० शाळांतील सहा लाखांच्या आसपास मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या यशातील तफावत शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी अधिक निगडित आढळली. सोबतचे विद्यार्थी कोण आहेत, यालाही त्यात महत्त्व होते.

भारतात २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला आणि आठवीपर्यंत नापास करण्यास मनाई झाली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची आणि फेरपरीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. हा बदल होण्यास कारणही होते. २०१८ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील या वयोगटातील ९५ टक्क्यांहून अधिक मुले पटावर होती. परंतु पाचवीतील जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. म्हणजे पट भरला, एवढ्यावर शाळेचे कर्तव्य संपत नाही. ज्यांच्या घरात प्रथमच कोणी शाळेत आले, त्यांना वाचता येणे हेच त्या भरलेल्या पटाचे सार्थक आहे.

म्हणून ‘शंभर टक्के निकाल’ हे शब्द वाचताना सुज्ञ पालकाने आणि माजी विद्यार्थ्याने आणखी दोन आकडे मागावेत. पाचवीत पटावर किती नावे होती आणि त्यांपैकी किती मुले या निकालापर्यंत पोहोचली? मधल्या काळात जी नावे गळाली, ती कोणाच्या घरची होती? फुल्यांनी १८८२ साली विचारलेला प्रश्न याहून फारसा वेगळा नव्हता.