भंडारा, रात्री दीड

27 नोव्हेंबर 2020. राजकोटच्या कोविड रुग्णालयात मध्यरात्रीनंतर अतिदक्षता विभाग पेटला. 5 रुग्ण दगावले.

18 डिसेंबर. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश : प्रत्येक कोविड रुग्णालयाची आगीच्या दृष्टीने महिन्यातून किमान एकदा तपासणी करा. नवजात बाळांचा कक्ष तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर असणार?

8 जानेवारी 2021, सकाळ. देशभर लसीकरणाची रंगीत तालीम. पहिली लाट ओसरते आहे. गेले नऊ-दहा महिने खाटा, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर यांचा रोज हिशेब लागला. आगीचा नाही.

त्याच दिवशी, रात्र. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालय. नवजात अतिदक्षता कक्षात 17 बाळं. इथेच जन्मलेली 7 ‘इनबॉर्न’मध्ये, बाहेरून आणलेली 10 ‘आउटबॉर्न’मध्ये. ऊब टिकावी, संसर्ग टळावा म्हणून अशा खोल्या बंद ठेवतात. ऑक्सिजन आणि वॉर्मर एकाच छताखाली. आग विझवणारी यंत्रणा इमारतीत बसवलेलीच नव्हती. तिचा प्रस्ताव कागदावर होता.

9 जानेवारी, दीडच्या सुमारास. ‘आउटबॉर्न’मध्ये ठिणगी. ती एका वॉर्मरमध्ये पडली, हे पुढे चौकशीत निघालं. त्या क्षणी आत कर्मचारी नव्हते, हेही. धूर कळवणारं यंत्र नव्हतं. धूर खोलीतच साचत गेला.

दीड ते दोन. परिचारिकेला धूर दिसला. दार उघडलं तेव्हा आत शिरणं अशक्य होतं. अग्निशमन दल आलं. ‘इनबॉर्न’मधली 7 बाळं बाहेर काढली.

‘आउटबॉर्न’मधलं एकही वाचलं नाही. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी दिलेली माहिती : 3 बाळं भाजून गेली, 7 धुराने गुदमरून.

त्याच दिवशी दिल्लीहून घोषणा : 16 जानेवारीपासून लसीकरण.

21 जानेवारी. चौकशी अहवालानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जण निलंबित, काही कंत्राटी कर्मचारी बडतर्फ. पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा. रात्रपाळीत कोण कुठे होतं, याची झडती झाली. ती व्हायलाच हवी होती. पण प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस थांबला, हा प्रश्न त्याहून जुना होता.

दुसरी लाट. 21 एप्रिल, नाशिक : रुग्णालयाच्या टाकीतून ऑक्सिजनची गळती, किमान 22 रुग्ण गेले. 23 एप्रिल, विरार : पहाटे अतिदक्षता विभागात आग, त्या दिवशीचा आकडा 13.

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज, सकाळ. अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता कक्षात आग. आत 17 रुग्ण होते. त्या दिवशी 11 जणांचा मृत्यू झाला.