अशनिसंग्रह, नागपूर परिसरातील

अवकाशातून पडलेले दगड शोधणे व ओळखणे, जमल्यास त्यांचे तुकडे जवळ बाळगणे आणि उल्कांच्या बातम्यांचा मागोवा घेणे हा छंद. आकाशात क्षणभर पेटून जाते ती उल्का. तिच्यातले न जळता जमिनीपर्यंत पोहोचते तो अशनी. नागपूर व भोवतालच्या विदर्भात या छंदाला खरी चालना मिळाली ती 2012 च्या काटोल अशनिपाताने. मात्र येथील जमीन आणि देशातील नियम पाहता या भागातल्या हौशी माणसाचा बहुतेक वेळ दगड जमवण्यात जात नाही. हाती आलेला दगड अशनी आहे की नाही, हे ठरवण्यात जातो.

काटोल अशनिपात : 22 मे 2012 रोजी दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात मोठे धडाके ऐकू आले आणि पाठोपाठ दगड पडले. भरदुपारची वेळ असल्याने रात्रीच्या अग्निगोलासारखे दृश्य फारसे कोणाच्या वाट्याला आले नाही. या घटनेची पहिली साक्ष आवाजाची आहे. काटोल हा संत्री-कापसाचा तालुका. मेअखेरीस येथली शेते नांगरून-वखरून मृगाच्या पावसाची वाट पाहत उघडी पडलेली असतात. पिकात दगड हरवण्याची भीती त्यामुळे नव्हती, पण काळ्या ढेकळांत काळा दगड शोधायचा होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने (जीएसआय) सुमारे 30 तुकडे गोळा केले. त्यांतला सर्वांत मोठा जवळपास एक किलोचा होता. एकूण नोंदलेले वजन सुमारे 13 किग्रॅ. आहे. जीएसआयच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. भूवैज्ञानिकांच्या दारातच अशनी पडावा, असा योग क्वचितच येतो.

अशनीला तो पडला त्या ठिकाणाजवळच्या गावाचे वा भौगोलिक स्थळाचे नाव देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. नावाला मंजुरी मेटिऑरिटिकल सोसायटीची समिती देते. त्यामुळे ‘काटोल’ हे नाव आता जगभरच्या अशनिसूचींत आहे. महाराष्ट्रातून अशी नावे याआधीही गेली आहेत : अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड (1866), खानदेशातील भागूर (1877), सातारा भागातील कलंबी (1879). ब्रिटिश दप्तरातील स्पेलिंगमुळे त्यांतली काही मराठी वाचकाला चटकन ओळखू येत नाहीत, एवढेच.

काटोलचा दगड एल-6 गटातील कॉन्ड्राइट आहे. एल म्हणजे तुलनेने कमी लोहाचा. सहा हा आकडा सांगतो की मूळ लघुग्रहाच्या पोटात तो इतका तापला होता, की सूक्ष्म गोलकांच्या (कॉन्ड्र्यूलांच्या) कडा आजूबाजूच्या द्रव्यात मिसळून पुसट झाल्या. अशा दगडाचा तुकडा कापला, की बाहेर कागदासारखी पातळ काळी साल दिसते. आत राखाडी गाभा, त्यात निकेलयुक्त लोखंडाचे चकाकणारे कण आणि मधूनच गेलेल्या काळ्या शिरा. काटोलचे वैज्ञानिक महत्त्व या शिरांत आहे. अवकाशात दुसऱ्या खडकाशी झालेल्या टकरीच्या धक्क्याने दगड काही रेषांवर वितळला आणि लगेच गोठला, त्या वेळच्या प्रचंड दाबाची खूण या शिरांत राहिली. आयआयटी खरगपूरच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात त्यांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज सापडले आणि 2021 मध्ये हे संशोधन अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटात 660 किमी.च्या खाली हे खनिज सर्वाधिक प्रमाणात आहे, परंतु वर येताना ते टिकत नाही. म्हणून पृष्ठभागावर त्याचा नमुना मिळायचा तर तो अशनीतच. काटोलमधील ब्रिजमनाइटची घडण पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातील अपेक्षित घडणीशी बरीच जुळते, हे या शोधाचे वैशिष्ट्य. दगड पडल्यापासून या निष्कर्षापर्यंत नऊ वर्षे लागली. घरच्या शोकेसमध्ये ठेवलेल्या तुकड्यातून हे निघाले नसते.

ओळख : नागपूर शहर दख्खनच्या बसाल्टच्या पूर्व कडेवर वसले आहे. पश्चिमेला काटोलपर्यंत आणि पुढे काळा पाषाण, पूर्वेला व उत्तरेला त्याहून कितीतरी जुने खडक आणि त्यांत मँगनीजच्या खाणी. अशनी ओळखण्याचे सर्वसाधारण नियम या जमिनीवर अडखळतात. ‘काळा, जड आणि चुंबकाला चिकटणारा दगड’ ही पुस्तकी खूण घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला एका दुपारी पिशवीभर दगड मिळतील आणि त्यांतला एकही अशनी नसेल. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे दोरीला टांगलेला जोरकस चुंबक त्याच्याकडे थोडा झुकतोच. रामटेक भागातील बेलडोंगरीच्या मँगनीज खाणीतून भूवैज्ञानिक फर्मर यांनी वर्णिलेले व्रेडेनबर्गाइट तर चांगलेच चुंबकीय आहे. काळे, जड आणि धातूसारखी झाक असलेले. ते पाहून भल्याभल्यांची फसगत होईल. तिसरा तोतया माणसाने बनवलेला. विदर्भात लोखंड गाळण्याची परंपरा महापाषाणयुगापासूनची आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. जुन्या वस्त्यांच्या आसपास आणि आजच्या कारखान्यांच्या मागे पडलेले लोहकीट वितळलेले, काळे आणि वेडेवाकडे असते, म्हणजे सामान्य माणसाच्या कल्पनेतल्या ‘उल्के’सारखे हुबेहूब.

म्हणून येथे चाचण्यांचा क्रम उलटा लावावा, वगळण्यापासून सुरुवात करावी. दगडाला बुडबुड्यांची छिद्रे असतील तर तो जवळपास नक्कीच बसाल्ट वा लोहकीट. अशनीच्या पृष्ठभागावर मऊ कणकेत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात, पण आत पोकळ छिद्रे सहसा नसतात. पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेल्या गाठी दिसल्या, की बसाल्ट ठरलाच. चिनी मातीच्या फरशीच्या मागच्या, झिलई नसलेल्या बाजूवर दगड घासावा : लालसर-तपकिरी रेघ उमटली तर हेमॅटाइट, काळी उमटली तर मॅग्नेटाइट किंवा मँगनीजचे धातुक. ताज्या दगडी अशनीची रेघ बहुधा उमटतच नाही. एवढ्यातून उरलेला दगडच पुढच्या चाचणीला घ्यावा. घनता काढायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि पाण्याचे भांडे पुरते : एल गटाच्या अशनीची घनता साधारण 3.3 ते 3.6, बसाल्टची 3 च्या आसपास किंवा खाली. शेवटी एक कोपरा पॉलिश पेपरवर घासून भिंगातून पाहावे. धातूचे सुटे चकचकीत कण दिसले तर जाणकाराकडे जावे. हातोडीने दगडाचे तुकडे पाडत बसू नये.

दगड पडला तेव्हा तो ‘तापून लाल होता’ ही सांगोवांगीची गोष्ट प्रत्येक अशनिपातानंतर फिरते. वातावरणातला जळता टप्पा काही सेकंदांचा असतो. तापलेला थर निघून जातो, आतला दगड अवकाशातला गारवा घेऊन येतो आणि शेवटचे कित्येक किलोमीटर साध्या दगडासारखा पडतो. गवत पेटल्याच्या बातम्या म्हणूनच सावधपणे वाचाव्यात.

लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील 1.8 किमी. व्यासाचे लोणार विवर विदर्भातील प्रत्येक हौशी माणसाच्या यादीत पहिले असते. बसाल्टमध्ये तयार झालेले हे आघातविवर आहे आणि मास्केलिनाइट या धक्क्याने बनलेल्या काचेमुळे त्याचा उगम निश्चित झाला. मात्र आदळलेल्या पिंडाचे तुकडे तेथे मिळत नाहीत. त्याचे द्रव्य आघातात बव्हंशी वाफ होऊन गेले. शिवाय परिसर अभयारण्य असल्याने काठचे दगड उचलणे हा छंदाचा भाग होऊ शकत नाही.

मालकी व बाजार : भारतात पडलेल्या अशनींची राष्ट्रीय संरक्षक संस्था जीएसआय आहे आणि तिचा मुख्य संग्रह कोलकात्यात आहे. सापडलेला दगड जवळच्या तहसील किंवा पोलीस ठाण्यामार्फत तिच्याकडे पोहोचवणे अपेक्षित असते. त्यामुळे येथील खासगी संग्रहात दिसतात ते बहुधा बाहेरून विकत घेतलेले तुकडे : सहारातून आलेले, ‘एनडब्ल्यूए’ (नॉर्थवेस्ट आफ्रिका) आणि क्रमांक अशा नावाचे कॉन्ड्राइट, अर्जेंटिनातील कॅम्पो देल सिएलोचे लोखंडी तुकडे, रशियातील सिखोते-अलिनचे. विकत घेताना दगडापेक्षा कागद पाहावा. वर्गीकरण, मूळ वजन आणि कोणाकडून कोणाकडे आला याची साखळी नसेल, तर तो फक्त एक काळा दगड आहे.

बातम्यांचा मागोवा : या छंदाचा हा भाग घरबसल्या होतो आणि अधिक शिकवतो. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी विदर्भासह महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून आकाशात जळत जाणाऱ्या रेघा दिसल्या. ‘उल्कावर्षाव’ म्हणून चित्रफिती फिरू लागल्या. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. आसपास धातूचा गोलाही मिळाला. तज्ज्ञांच्या मते हे चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष होते आणि इस्रोच्या पथकाने येऊन ते पाहिले. या घटनेतून हौशी माणसाने घ्यायची खूण सोपी आहे : उल्का सेकंदाला 11 किमी.हून अधिक वेगाने शिरते आणि काही सेकंदांत संपते. कक्षेतून घसरलेला कचरा सुमारे 8 किमी. वेगाने, जवळजवळ आडवा येतो, तुकडे एकामागोमाग समांतर चालतात आणि हा खेळ मिनिटभरही टिकतो. खिशातून फोन काढून, कॅमेरा उघडून, शेजाऱ्याला हाक मारून चित्रण करायला वेळ मिळाला असेल, तर बहुधा ती उल्का नव्हे.

वार्षिक उल्कावर्षावांच्या बातम्या वेगळ्या खात्यातल्या. त्या धूमकेतूंच्या वा क्वचित लघुग्रहाच्या धुळीच्या असतात, कण वाळूएवढे असतात आणि त्यांतून जमिनीवर दगड येत नाही. ऑगस्टमधला पर्सीड वर्षाव नागपुरात बहुधा पावसाळी ढगांआड जातो. दरवर्षी त्याच्या बातम्या मोठ्या मथळ्यांनी छापणारे हे विसरतात. 13-14 डिसेंबरचा जेमिनिड मात्र थंडीच्या स्वच्छ आकाशात येतो आणि शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यास चांगला दिसतो. आकाशाची ओळख करून घ्यायला गांधीसागर तलावासमोरील रमण विज्ञान केंद्राचे तारांगण शहरातच आहे.

नवीन अशनी सापडल्यास : दगड आहे तेथेच, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून छायाचित्र काढावे, फोनवरून अक्षांश-रेखांश नोंदवावेत. उघड्या हाताने हाताळू नये, धुऊ तर नयेच, कारण पाणी लागताच धातूचे कण गंजू लागतात. स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा. आवाज कधी ऐकला, कोणत्या दिशेने ऐकला आणि दगड मातीत किती खोल गेला होता, हे त्याच दिवशी लिहून काढावे. अशनी असण्याची दाट शक्यता असल्यास चुंबक लावून पाहू नये. निओडायमियमचा छोटासा चुंबकही दगडात कोट्यवधी वर्षे टिकलेल्या मूळ चुंबकत्वाची नोंद एका स्पर्शात पुसतो.