पाणी, चिप आणि मधली फट

काचेच्या बाजूचं कॅबिनेट, आतून रंगीत पाणी खेळवणाऱ्या नळ्या, रेडिएटरवर गरगरणारे पंखे. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवण्याचा, हा थाट कालपरवाचा वाटतो. त्याचं कूळ मात्र मोठ्या कंपन्यांच्या मेनफ्रेम संगणकांत आहे. आणि ते शोधत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: पाण्याने फारसा त्रास कधी दिलाच नाही. छळलं ते चिप आणि पाणी यांच्यामधल्या केसाएवढ्या जागेने.

१९४६चा एनिअ‍ॅक हा संगणक सुमारे १८,००० व्हॉल्व्ह आणि १५० किलोवॅट वीज घेऊन बसला होता, तरी तो मोठमोठ्या ब्लोअरच्या हवेवर निभावला. पुढे यंत्रं लहान होत गेली, उष्णता दाटीवाटीने एका जागी गोळा होऊ लागली आणि हवा कमी पडली. तेवढ्याच घनफळाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे पाण्याकडे वळणं ओघानेच आलं.

या कुळातली सर्वांत देखणी करामत आयबीएमची. नोव्हेंबर १९८०मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ या यंत्राच्या एकेका मोड्यूलमध्ये नऊ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या सिरॅमिकच्या पाटीवर शंभरावर चिप्स होत्या आणि त्या मिळून सुमारे ३०० वॅट उष्णता टाकत. वर पाण्याने थंड ठेवलेली धातूची प्लेट ठेवणं सोपं होतं. पण सगळ्या चिप्स एका पातळीत बसत नाहीत. एखादी किंचित तिरकी, एखादी जराशी खाली. सपाट प्लेट दाबली तर काहींना टेकेल, काहींना नाही. म्हणून अभियंत्यांनी प्रत्येक चिपसाठी स्प्रिंगवर बसवलेला एक स्वतंत्र दट्ट्या दिला, जो आपापल्या चिपला जाऊन टेके. तरीही उरलेल्या सूक्ष्म फटींत हवा राहिली असती, म्हणून मोड्यूल हवाबंद करून त्यात हीलियम भरला. हवेपेक्षा तो सुमारे सहापट चांगला उष्णतावाहक. एवढा सगळा खटाटोप पाण्यापर्यंत पोहोचण्याच्या आधीचा! संगणक-अभियंते सेमूर क्रे यांनी १९८५च्या क्रे-२ या महासंगणकात हा प्रश्नच निकालात काढला: सर्किटचे बोर्ड थेट वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकले. नव्वदीच्या मध्यावर मेनफ्रेममध्ये कमी तापणाऱ्या सीमॉस चिप्स आल्या आणि पाण्याचे पाइप निघाले.

तेव्हा घरगुती संगणकांत वेगळीच गंमत सुरू होती. १९९८च्या ऑगस्टमध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर बसचा, म्हणजे बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३००चा ४५० मेगाहर्ट्झ होई, तोही साध्या पंख्यावर. अशी फुकटची चैन फार टिकत नाही. चिप टाकते ती उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवा, उष्णता तेहेतीस टक्क्यांनी वाढली. मग हौशी मंडळींनी मोटारीच्या हीटरची जाळी, मत्स्यालयाचा पंप आणि स्वतः कोरलेला तांब्याचा ठोकळा जोडून पाणी पुन्हा आणलं. त्या काळच्या एएमडीच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरचं सिलिकॉन उघडंच असे. हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, बसवताना हात जरा तिरका पडला की कोपरा उडालाच. २००१मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू यंत्रांवरून हीटसिंक काढून पाहिले. इंटेलचा पेन्टियम ४ मंदावून तगला, अ‍ॅथलॉन जळाला.

नंतर सिलिकॉनवर धातूची टोपी सर्रास आली, आणि २००९च्या कोर्सेअर एच५०सारख्या आयत्या बंद संचांनी पाणी कुणालाही सोपं करून टाकलं. २०१२मध्ये मात्र इंटेलच्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरांनी जुनं दुखणं उकरलं. टोपी आणि सिलिकॉन यांच्यामध्ये आधी झाळ असे. तिथे आता पेस्ट आली. रेडिएटर दुप्पट केला तरी गाभ्याचं तापमान हलेना. लोकांनी दाढीच्या पात्याने टोप्या उचकटल्या. दोष एकट्या पेस्टचा नव्हता. टोपीच्या कडेच्या गोंदाने फटच रुंद ठेवली होती. तो खरवडून गॅलियमचा द्रवधातू लावला की पंधरा-वीस अंशांचा फरक पडे. द्रवधातू बाहेर सांडला तर शॉर्टसर्किट, अ‍ॅल्युमिनियमला लागला तर ते पोखरलं जातं, तरी लोक लावत. २०१८मध्ये इंटेलने कोअर आय९-९९००के या प्रोसेसरमध्ये झाळ परत आणली.

हिशोब मांडून पाहा. खोली ३० अंश, भरपूर रेडिएटर असलेल्या संचात पाणी ४०, गाभा ९० असं समजू. रेडिएटर वाढवून कमी करता येतात ते फक्त पहिले दहा अंश. उरलेले पन्नास सिलिकॉन, पेस्ट, टोपी आणि तांब्याच्या थरांत अडकलेले. रेडिएटरमधलं पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही, म्हणून मे महिन्यात विदर्भातल्या तापलेल्या खोलीत हा खेळ खेळणाऱ्याचं गणित मुळातच दहा अंशांनी चुकतं.

हाच हिशोब उलट वाचला २०१०मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात आयबीएमने उभारलेल्या अ‍ॅक्वासार या यंत्राने. चिपला बारीक खाचांचे तांब्याचे ठोकळे घट्ट बसवले, तर ६० अंशांचं गरम पाणीही चिपला ८५च्या आत ठेवतं, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याने इमारत तापवता येते. पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत २०१९ साली बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणकही चिपजवळ नेलेल्या पाण्यावरच चालतो.

इकडे घरच्या संगणकात प्रोसेसरने कारभार स्वतःच्या हाती घेतला आहे. एएमडीचे २०२२चे रायझन ७०००मधले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत मुद्दाम जातात आणि तिथेच थांबतात. कूलिंग सुधारलं तर बहुधा आकडा ९५च दिसतो, वाढतो तो वेग. म्हणून हौशी मंडळी आता व्होल्टेज चढवण्यापेक्षा उतरवण्यात जास्त रमतात. गाभ्याचं तापमान क्षणात वीस अंश उडी मारतं, पाणी सावकाश तापतं. त्यामुळे जाणकार पंख्यांचा वेगही आता पाण्यातल्या सेन्सरवर बांधतात.