‘गोपनीय’ ह्या शब्दाची व्याप्ती : अमेरिकेतील परदेशीयांच्या अर्जांचा इतिहास

एखादी माहिती ‘गोपनीय’ आहे असे म्हटले की वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे होते. अर्थदृष्ट्या ते अपुरेच राहते. कोणापासून गोपनीय, हा प्रश्न शिल्लक राहतो. परदेशी वास्तव्याची, कामाची वा नागरिकत्वाची परवानगी मागणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत तर हा प्रश्न फार निकडीचा ठरतो. कारण ज्या सरकारजवळ तो परवानगी मागतो, त्याच सरकारला त्याची हद्दपारी करण्याचाही अधिकार असतो. अर्जातील माहितीला बाहेरच्या चोराचे भय आहेच. परंतु अर्जदाराला खरी धास्ती असते ती कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याची. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही धास्ती दूर करण्यासाठी सरकारने वेळोवेळी जी अभिवचने दिली, त्यांच्या शब्दरचनेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ 1940 च्या परदेशीय नोंदणी कायद्यापासून करणे सोयीचे होईल. ह्या कायद्यान्वये चौदा वर्षे व त्यांवरील वयाच्या प्रत्येक परदेशीयास नोंदणी करणे व बोटांचे ठसे देणे भाग पडले. त्या वर्षीच्या ऑगस्ट ते डिसेंबर ह्या अवधीत सुमारे 50 लक्ष लोकांनी टपाल कचेऱ्यांत जाऊन ही नोंदणी केली. नोंदी ‘गुप्त व गोपनीय’ राहतील असे कायदा सांगतो. परंतु त्याच वाक्यात पुढे, ॲटर्नी जनरलच्या संमतीने आयुक्त ज्यांना नेमून देईल त्या व्यक्तींना व खात्यांना त्या पाहता येतील, असेही म्हटले आहे. म्हणजे दोन विशेषणे एकास एक जोडून भारदस्तपणा आणला खरा. पण गुप्तता कोणापासून राखावयाची हे ठरविण्याचा अधिकार नोंदी बाळगणाऱ्याच्याच हाती राहिला. नोंदणी करणाऱ्यास एक क्रमांक मिळे. 1 एप्रिल 1944 पासून माणसागणिक एकच फाइल ठेवण्याची पद्धत सुरू झाली. ‘ए-फाइल’ ह्या नावाने ती आजही ओळखली जाते, आणि नागरिकत्वाचा अर्ज असो वा हद्दपारीचा खटला असो, कागद तिच्यातच जमा होतात.

1974 चा ‘प्रायव्हसी ॲक्ट’ हा ह्या इतिहासातील दुसरा टप्पा. सरकारने एका कामासाठी घेतलेली माहिती व्यक्तीच्या संमतीवाचून, कायद्यात सांगितलेले अपवाद सोडून, इतरांस देऊ नये, हे त्याचे सूत्र. परंतु ‘व्यक्ती’ म्हणजे कोण? व्याख्येच्या कलमानुसार अमेरिकेचा नागरिक किंवा कायम वास्तव्याचा कायदेशीर हक्क मिळालेला परदेशीय. इतर माणसे ह्या कायद्यापुरती व्यक्तीच नव्हेत! बोलीत ज्या शब्दाच्या कक्षेत सर्व मानवजात येते, त्याची कक्षा एका कलमाने इतकी आवळली जावी, हे अर्थसंकोचाचे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. पुणे-मुंबईहून एच-1बी परवान्यावर गेलेला अभियंता ग्रीन कार्ड हाती पडेपर्यंत ह्या व्याख्येच्या बाहेरच असतो. 2007 मध्ये अंतर्गत सुरक्षा खात्याने, ज्या नोंदवह्यांत नागरिक व परदेशीय एकत्र आहेत तेथे सर्वांनाच ह्या कायद्याप्रमाणे वागवावे, असे धोरण स्वीकारले. ते धोरण होते, कायदा नव्हता. 25 जानेवारी 2017 च्या अध्यक्षीय आदेशाने ते संपले, आणि तो आदेश पुढे 20 जानेवारी 2021 रोजी रद्द झाला.

ह्या सर्वांत अधिक विचारपूर्वक घडविलेले अभिवचन मला 1986 च्या कायद्यात दिसते. 1 जानेवारी 1982 पूर्वीपासून देशात परवान्यावाचून राहणाऱ्यांना ह्या कायद्याने कायदेशीर दर्जा देऊ केला. पण अर्ज करणे म्हणजे स्वतःचा गुन्हा स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देणे. तेव्हा विधिमंडळाने तिहेरी व्यवस्था केली. अर्जातील माहिती त्या अर्जाच्या निर्णयाखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास ॲटर्नी जनरलसह सर्व अधिकाऱ्यांना मनाई केली. ती मोडणाऱ्यास शिक्षा ठेविली. आणि ज्यांना सरकारी कचेरीची पायरी चढवत नव्हती त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त संस्थांमार्फत अर्ज करण्याची मुभा देऊन, त्या संस्थांजवळील कागद अर्जदाराच्या संमतीशिवाय सरकारला पाहता येणार नाहीत असे ठरविले. येथे ‘कोणापासून’ ह्या प्रश्नाला थेट उत्तर आहे : आमच्यापासून. मे 1987 पासून वर्षभरात हे अर्ज घेतले गेले. शेतमजुरांसाठीची स्वतंत्र योजना धरून सुमारे 30 लक्ष लोक पुढे आले व जवळजवळ 27 लक्षांना दर्जा मिळाला. केवळ गोपनीयतेच्या कलमामुळे ते आले असे म्हणता येणार नाही. पण त्यावाचून इतके आले असते असे मला वाटत नाही.

त्याच कायद्याने लाभार्थींचा दर्जा पडताळण्याची ‘सेव्ह’ ही व्यवस्था राज्यांच्या उपयोगासाठी सक्तीची केली. अन्नमदत, वैद्यकीय साहाय्य, बेकारी भत्ता देण्यापूर्वी अर्जदाराच्या दर्जाविषयी केंद्रीय खात्याकडे विचारणा करावयाची. तेथेही, ही व्यवस्था फौजदारीखेरीज इतर परदेशीय-कारवाईसाठी वापरू नये, असे बंधन कायद्यातच घातले होते. 1996 मध्ये, छळ सोसलेल्या विवाहितांच्या अर्जांना आणखी एका कायद्याने संरक्षण मिळाले. मात्र त्याच वेळी 1986 च्या अर्जदारांची माहिती गुन्हे-तपासासाठी देण्याची वाट मोकळी करण्यात आली. अर्ज करताना जे वाचले होते ते दहा वर्षांनी बदलले, आणि अर्ज तर परत घेता येत नव्हता.

2012 मध्ये बालपणी देशात आणल्या गेलेल्या तरुणांसाठी ‘डाका’ योजना आली, तेव्हा अभिवचन कायद्यात नव्हते. खात्याच्या सूचनांत व प्रश्नोत्तरांत होते. हद्दपारीच्या कारवाईसाठी अंमलबजावणी यंत्रणेकडे माहिती जाण्यापासून ती ‘संरक्षित’ आहे, ठरावीक अपवाद सोडून, असे ते शब्द होते; आणि हे धोरण पूर्वसूचनेवाचून केव्हाही बदलता येईल अशी पुस्तीही होती. सप्टेंबर 2017 मध्ये योजना मागे घेताना प्रश्नोत्तरे पुन्हा लिहिली गेली. आता माहिती सहसा ‘आपण होऊन’ दिली जाणार नाही, असे म्हटले गेले. एका क्रियाविशेषणाची भर पडली. मागितल्यास काय, ह्याचे उत्तर त्या क्रियाविशेषणाने मोकळे सोडले. आपले नाव, पत्ता, शाळा, घरच्या माणसांचे तपशील लिहून दिलेल्या लक्षावधी तरुणांना हा फरक समजण्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागली नाही.

जून 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना मागे घेण्याची ती कृती रद्द ठरविली. परंतु निकालाचा आधार निर्णय घेण्याची सदोष पद्धती हा होता, गोपनीयतेचे अभिवचन हा नव्हता. ऑगस्ट 2022 मध्ये ही हमी प्रथमच विधिवत नियमांत घालण्यात आली व ‘आपण होऊन’ हे शब्द तेथे आले नाहीत. अपवाद मात्र कायम राहिले, आणि नियम करणारे खाते नियम बदलूही शकते. फाइलींचे आयुष्य ह्याहून दीर्घ आहे : ए-फाइली कायम जतन करण्याचे ठरले असून, माणसाच्या जन्मास 100 वर्षे झाल्यावर त्या राष्ट्रीय अभिलेखागारात जातात व संशोधकांना पाहावयास मिळतात.