ब्लू स्क्रीन : कारणे व दोषनिदान

ब्लू स्क्रीन : विंडोज प्रणालीवर चालणारा संगणक सावरता न येणाऱ्या दोषामुळे एकाएकी थांबतो तेव्हा पडद्यावर येणारी निळी सूचना. मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत अशा थांबण्याला ‘बग चेक’ किंवा ‘स्टॉप एरर’ म्हणतात. सूचना आली की उघडी कामे तिथेच संपतात, सेव्ह न केलेला मजकूर जातो आणि थोड्या वेळात संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. ठरावीक काम करताना दरवेळी येणारी ब्लू स्क्रीन शोधायला सोपी असते. कधीही आणि कोणत्याही कामात येणारी मात्र माणसाला जेरीस आणते. कारण न शोधताच ‘फॉरमॅट मारणे’, एकामागून एक सुटे भाग बदलणे आणि तरीही बिघाड कायम राहणे हे अशा वेळी नेहमी घडते. वास्तविक अशा बहुतेक बिघाडांचा माग लागतो. त्यासाठी नोंदी ठेवाव्या लागतात आणि एका वेळी एकच बदल करण्याची शिस्त पाळावी लागते.

इतिहास : स्टॉप कोड (दोषाचे नाव किंवा क्रमांक) दाखवणारी ब्लू स्क्रीन विंडोज एनटी ३.१ (१९९३) या आवृत्तीबरोबर आली. ती मायक्रोसॉफ्टमधील प्रोग्रॅमर जॉन व्हर्ट यांनी लिहिली. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडताच ब्लू स्क्रीन आली, आणि जगभरच्या लोकांना ती ठाऊक झाली. विंडोज ८ (२०१२) पासून आकड्यांच्या रांगा जाऊन उदास चेहऱ्याचे चिन्ह आले, तर २०१६ मध्ये विंडोज १० च्या सूचनेत क्यूआर कोडची भर पडली. २०२५ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत पडद्याचा रंग काळा झाला आणि चेहऱ्याचे चिन्ह व क्यूआर कोड काढले गेले. मूळ यंत्रणा मात्र तीच आहे.

यंत्रणा : ब्राउझर किंवा टंकलेखनाचा प्रोग्रॅम बिघडला तर विंडोज तेवढाच बंद करते, कारण अशा प्रत्येक प्रोग्रॅमला स्मृतीचा स्वतंत्र भाग दिलेला असतो. प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल आणि ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, डिस्क इत्यादी चालवणारे ड्रायव्हर एकाच सामाईक भागात काम करतात. तिथे एखाद्या ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर लिहिले, तर दुसऱ्या कोणाचीही माहिती बिघडू शकते. तशा अवस्थेत काम चालू ठेवले तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाऊन फाइली खराब होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी कर्नल सर्व व्यवहार थांबवतो. त्या क्षणाची स्मृतीतील माहिती तो डिस्कवरील पेजिंग फाइलमध्ये लिहितो आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तिची ‘डंप’ फाइल तयार होते. लहान डंप विंडोज फोल्डरमधील ‘मिनीडंप’ या उपफोल्डरात, तर मोठा ‘मेमरी डॉट डीएमपी’ या नावाने साठतो. पेजिंग फाइल बंद केलेली असली किंवा डिस्कच त्या क्षणी गायब झाली, तर डंप तयार होत नाही. सेटिंग बरोबर असूनही वारंवार डंप मिळत नसेल तर एसएसडी किंवा तिची जोडणी संशयाच्या यादीत वर घ्यावी.

प्रमुख कारणे : (१) सदोष, जुने किंवा एकमेकांशी न जुळणारे ड्रायव्हर; अँटिव्हायरस, व्हीपीएन व खेळांतील फसवणूकविरोधी प्रणाली यांचेही भाग कर्नलमध्ये काम करतात. (२) सदोष रॅम, किंवा चांगली रॅम न झेपणाऱ्या वेगाने चालवणे. (३) अपुरा वा जुनाट एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), थकलेली यूपीएसची बॅटरी, सैल वायरिंग. (४) एसएसडी किंवा हार्ड डिस्कमधील दोष. (५) प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्डातील बिघाड, ओव्हरक्लॉकिंग. (६) विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडणे. उष्णतेचा दोष बहुधा वेगळ्या रूपात दिसतो. आजचे प्रोसेसर तापले की वेग कमी करतात आणि मर्यादा ओलांडली की संगणक थेट बंद होतो. तरीही पंख्यांत साठलेली धूळ व वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे काठावर चाललेले भाग अस्थिर होतात.

स्टॉप कोडचे वाचन : पडद्यावरील नाव किंवा क्रमांक हा तपासाचा आरंभबिंदू असतो. तेवढ्यावरून कारण निश्चित होत नाही. नेहमी आढळणारे कोड असे :

मेमरी मॅनेजमेंट (१ए) : स्मृतीच्या नोंदींत विसंगती. रॅम प्रथम तपासावी.

आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल (ए) व त्याचा ड्रायव्हरविषयक जोडीदार (डी१) : चुकीच्या वेळी चुकीच्या पत्त्याला हात लावला गेला. दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हरचे नाव बऱ्याचदा पडद्यावरच दिसते.

व्हीआ अनकरेक्टेबल एरर (१२४) : प्रोसेसरने स्वतःच कळवलेला हार्डवेअरचा दोष. व्होल्टेज, ओव्हरक्लॉकिंग, प्रोसेसर, मदरबोर्ड यांकडे बघावे.

व्हिडिओ टीडीआर फेल्युअर (११६) : ग्राफिक्स कार्डाने वेळेत प्रतिसाद दिला नाही आणि ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नही फसला.

कर्नल डेटा इनपेज एरर (७ए) : डिस्कवरून माहिती परत वाचता आली नाही. डिस्क व केबल तपासावी.

ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर (९एफ) : संगणक झोपवताना किंवा उठवताना ड्रायव्हर अडकला.

दरवेळी एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर संशय त्या ड्रायव्हरवर किंवा तो चालवत असलेल्या उपकरणावर जातो. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसराच असे असंबद्ध कोड येत असतील तर रॅम, प्रोसेसर किंवा वीजपुरवठा यांचा संशय बळावतो, कारण सदोष स्मृतीत ज्याची माहिती पडेल तो प्रोग्रॅम बळी ठरतो.

दोषनिदानाचा क्रम : पहिले काम दुरुस्तीचे नसून जतनाचे आहे. महत्त्वाची कागदपत्रे, छायाचित्रे व हिशेब बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत, कारण बिघाड डिस्कचाच असेल तर पुढची प्रत्येक चाचणी तिच्यावर ताण टाकते. त्यानंतर सिस्टिम प्रॉपर्टीजमधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ भागात आपोआप पुन्हा सुरू होण्याचा पर्याय काढून टाकावा, म्हणजे सूचना वाचायला व मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यायला वेळ मिळतो. तारीख, वेळ, कोड आणि त्या वेळी चालू असलेले काम एका वहीत लिहावे. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ कोणत्या दिवशी कोणता ड्रायव्हर वा अपडेट बसला आणि बिघाड कधी सुरू झाला हे एकाच तक्त्यात दाखवतो. दोन्ही तारखा जुळल्या तर तो बदल मागे घ्यावा.

यानंतर ‘ईव्हेंट व्ह्यूअर’ उघडावा. अनपेक्षितपणे बंद पडण्याच्या नोंदीला कर्नल-पॉवर ४१ असा क्रमांक असतो. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ ही ओळ असते. ती शून्य असेल तर ब्लू स्क्रीनची नोंद व्हायच्या आधीच वीज गेली किंवा संगणक गोठला असे समजावे, आणि मोर्चा एसएमपीएस, यूपीएस व प्लगकडे वळवावा. तिथे आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत असतो, पडद्यावरचा कोड हेक्साडेसिमल पद्धतीत. म्हणून नोंदीतील २९२ म्हणजे पडद्यावरील १२४, आणि १५९ म्हणजे ९एफ.

डंप वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘विनडीबीजी’ हे साधन मोफत मिळते. फाइल उघडून विश्लेषणाची आज्ञा दिली की संशयित मॉड्यूलचे नाव मिळते. तिथे अनेकदा ‘एनटीओएसकर्नल’ हे नाव दिसते आणि विंडोजच बिघडली असा समज होतो. हे नाव कर्नलचे असते. दोष त्याच्या हद्दीत उघडकीला आला एवढाच त्याचा अर्थ. एका डंपवर विसंबू नये. चार-पाच डंप एकत्र पाहून त्यांत समान काय आहे ते शोधावे.

रॅमची तपासणी : प्रथम बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हा वेगवाढीचा पर्याय बंद करावा. ३२०० वेगाची म्हणून विकलेली डीडीआर४ रॅम अनेकदा या पर्यायामुळेच त्या वेगाने चालते. तो बंद केल्यावर ती कमी, प्रमाणित वेगावर येते. एवढ्यानेच ब्लू स्क्रीन थांबली तर रॅम बाद करण्याची घाई नको. तो वेग त्या प्रोसेसरला व मदरबोर्डला पेलत नसण्याची शक्यता असते. चार पट्ट्या बसवल्या असतील तर ही शक्यता आणखी वाढते. बिघाड थांबला नाही तर पेनड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट८६’ चालवावे. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात आणि त्यांना काही तास लागतात, म्हणून रात्रभर चालू ठेवणे सोयीचे. यात उत्तीर्ण होण्याची अट कडक आहे : एकही चूक आली तर ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. चूक आली की एकच पट्टी एका स्लॉटमध्ये ठेवून चाचणी घ्यावी. मग पट्टी तीच ठेवून स्लॉट बदलावा. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी सदोष; पट्टी कोणतीही असो, चूक त्याच स्लॉटमध्ये राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रक.

रॅम काढून तिचे टोक खोडरबराने घासण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास दिसते. दमट हवेत संपर्कबिंदू खराब होतात, त्यामुळे काढून पुन्हा नीट बसवल्याने कित्येकदा खरोखर फरक पडतो. मात्र रबराने सोनेरी मुलामा झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला, धागे न सुटणारा कपडा त्यापेक्षा सुरक्षित असतो.

ड्रायव्हर व प्रणाली : संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या मूळ ड्रायव्हरांवर चालताना, स्थिर राहत असेल तर बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांवर संशय बळावतो, तिथेही कोसळत असेल तर हार्डवेअरकडे वळावे. ड्रायव्हर नेहमी मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. सर्व ड्रायव्हर एका बटणात अद्ययावत करण्याचे आश्वासन देणारी साधने टाळावीत. विंडोजमधील ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ निवडक ड्रायव्हरांवर मुद्दाम कडक तपासणी लावतो आणि दोषी ड्रायव्हर सापडताच ब्लू स्क्रीन आणतो. त्यामुळे संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते; सेफ मोडमधून तो बंद कसा करायचा हे आधी शिकून मगच वापरावा. विंडोजच्या फाइलींसाठी ‘डिस्म’ व ‘एसएफसी’ या आज्ञा, तर डिस्कसाठी स्मार्ट नोंदी व ‘चेकडिस्क’ उपयोगी पडतात.

वीजपुरवठा : भारतात घरगुती वीज नाममात्र २३० व्होल्टची असली तरी चढउतार होतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही असे समजून वायरमनकडून ते तपासून घ्यावे. खेळ चालू होताच किंवा ग्राफिक्स कार्डावर भार येताच संगणक पडत असेल तर एसएमपीएसची क्षमता व वय पाहावे. सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघणे. बायोस अद्ययावत करताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ते काम चांगल्या यूपीएसवरच करावे.

दोन बोलकी उदाहरणे : १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. कर्नलमध्ये चालणारा तिचा ड्रायव्हर २० मूल्यांच्या यादीतून २१ वे मूल्य वाचायला गेला. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय साधा होता : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणे. फॉरमॅटची गरज नव्हती. दुसरे उदाहरण इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचे. त्यांतील अनेकांत जादा व्होल्टेजमुळे हळूहळू झीज होऊन खेळ बंद पडणे व ब्लू स्क्रीन येणे सुरू झाले. कंपनीने २०२४ मध्ये दोष मान्य करून बायोसमार्फत मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र या दुरुस्तीने सुधारत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. या दोषात विंडोज पुन्हा टाकून काहीही साधले नसते.

सावधगिरी : खऱ्या ब्लू स्क्रीनवर फोन क्रमांक कधीही नसतो. फोन करायला सांगणारी निळी सूचना हे बहुधा फसवणूक करणाऱ्यांनी ब्राउझरमध्ये उघडलेले पान असते. अशा क्रमांकावर फोन करू नये, दूरस्थ ताबा देऊ नये. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग घेऊन जुळवलेल्या संगणकाला एकत्रित हमी नसते. रॅम, एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर यांची हमी ज्या त्या कंपनीकडे असते. नेमका कोणता भाग सदोष आहे हे कळले तरच तिचा लाभ मिळतो. म्हणून बिले जपावीत, आणि संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी मिनीडंप फोल्डर व नोंदींची वही यांची प्रत स्वतःकडे ठेवावी. फॉरमॅट केल्यावर हा पुरावा बहुधा परत मिळत नाही.