खताची पारख आणि कायदा

शहरांत राहणाऱ्या आपणां सर्वांस दुधांतील पाण्याचा राग येतो. पण पातळ दूध निदान जिभेला कळतें. खताची तशी परीक्षा नाहीं. पोत्यांतील भुकटी कसदार कीं नुसती माती, हें डोळ्यांस दिसत नाहीं. आणि पीक बुडाल्यावर दोष खताचा कीं पावसाचा, हें ठरवितां येत नाहीं. या अडचणींतूनच खताचा कायदा जन्मास आला.

पूर्वीं शेतकऱ्याचें खत बहुतांशीं त्याच्या गोठ्यांतच तयार होई. इ. स. १८४० च्या सुमारास पेरू देशाच्या बेटांवरून 'ग्वानो', म्हणजे समुद्रपक्ष्यांची साचलेली विष्ठा, इंग्लंडांत येऊं लागली. १८४२ सालीं जॉन बेनेट लॉज यांनीं सुपरफॉस्फेट बनविण्याचें पेटंट घेतलें. खत ही बाजारांतील वस्तु झाली, आणि तिच्या पाठोपाठ लबाडीही आली. महाग ग्वानोंत माती, वाळू व जिप्सम मिसळून तो अस्सल म्हणून विकला जाऊं लागला. रंग तोच, पोतें तेंच. नत्र मात्र नाहीं!

या लबाडीस प्रथम आडवे आले ते रसायनशास्त्रज्ञ. इंग्लंडच्या रॉयल कृषिसंस्थेसाठीं जे. टी. वे व त्यांच्यामागून ऑगस्टस व्होल्कर यांनीं खतांचे नमुने तपासले. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत सॅम्युएल जॉन्सन यांनीं हेंच कार्य केलें. पुढें १८९३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला. खतांतील नत्र, फॉस्फेट व पोटॅश यांचें शेकडा प्रमाण विक्रेत्यानें बीजकांत लिहावें, आणि तें लिखाण हमी समजावें, असें ठरलें. तथापि नमुना तपासून घेण्याची खटपट व फी ग्राहकाच्याच माथीं राहिली.

योगायोग असा कीं, त्याच सालीं व्होल्कर यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस यांचा हिंदुस्थानच्या शेतीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. १८८९ सालीं ते येथें पाहणीस आले होते. आपला शेतकरी अडाणी नाहीं, तो शेण जाळतो तें लाकूड मिळत नाहीं म्हणून, हें त्यांनीं ओळखलें. तेव्हां आपला प्रश्न भेसळीचा नव्हता, टंचाईचा होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १९५१ सालीं सिंद्रीच्या कारखान्यांत खत तयार होऊं लागलें. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखालीं १९५७ सालीं खत-नियंत्रण आदेश निघाला. १९८५ सालीं त्याची जागा नव्या आदेशानें घेतली. घटकांचें प्रमाण पोत्यावर छापलेंच पाहिजे, आणि सरकारी निरीक्षकानें दुकानांतून नमुना उचलून प्रयोगशाळेंत धाडावा, अशी ही व्यवस्था. इंग्लंडांत जो भार ग्राहकावर होता, तो येथें राज्यसंस्थेनें आपल्या शिरावर घेतला. दोन-चार एकरांच्या धन्यास पृथक्करणाची फी कोठून परवडणार?

परंतु पोत्यावरील आंकडा हें केवळ वचन आहे. त्याची किंमत तपासणीच्या तत्परतेवर अवलंबून असते. अहवाल येण्यापूर्वींच पोतें शेतांत रितें झालें, तर विक्रेत्यास दंड होईल, पण गेलेला हंगाम परत येणार नाहीं. पेरणी कोणासाठींही थांबत नाहीं. म्हणून कायद्यानेंच तिच्या आधीं शेताच्या बांधावर पोंचावयास हवें.